जिताड्यासाठी जिवंत कोळंबी सोडून लूर धरावा का?

कोकणात जिताडा गरवणाऱ्यांची सुरुवात बहुधा जिवंत कोळंबीनेच होते. रायगडात जिताडा, खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे चोणक, मासा तोच. मग कधीतरी धक्क्यावर शेजारचा पोरगा रबराचा मासा फेकून तासाभरात तीन किलोचा जिताडा वर काढतो आणि आपणही नवा रॉड, नवं रील, लूर (नकली आमिष) घ्यावेत का हा विचार डोक्यात शिरतो. हे दुकानात उभं राहून ठरवू नका. तुमच्या जागेचं पाणी, तुमच्याकडचा वेळ आणि तुमच्या हाताचा नेम या तीन गोष्टींवर ते ठरतं, आणि तिन्ही गोष्टी जवळजवळ फुकटात तपासता येतात.

आधी माशाची सवय लक्षात घ्या. जिताडा दबा धरून बसतो. धक्क्याचे खांब, तिवरांची मुळं, खारबांधाच्या उघाडीसमोरचा (पाणी सोडायच्या दारासमोरचा) खळगा, पाण्यात पडलेलं झाड अशा आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि ओहोटीबरोबर वाहत येणारी कोळंबी, बोय किंवा इतर बारीक मासळी तोंडाशी आली की पाण्यासकट ओढून घेतो. लांबवर पाठलाग करायची त्याला फारशी हौस नाही. जिवंत कोळंबी एका जागी वळवळत राहते, तिचा वास पाण्याबरोबर खाली जातो, त्यामुळे मासा सावकाश का होईना, तिच्याकडे येतो. लूरला वास नाही. तो हलतो, लकाकतो, पाण्यात थरथर उठवतो, तेही तुम्ही ओढाल तेवढा वेळच. म्हणून लूर माशाच्या तोंडापासून हात-दोन हातांवरून जायला हवा. चार हात बाजूने गेला की ती फेक फुकट. पुढचं सगळं या एका फरकातून येतं.

पाणी किती निवळ आहे

डब्याचं पांढरं झाकण घ्या, त्याला शिसं बांधा, तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) दर वीतभर अंतराला गाठ मारा आणि दिवसाउजेडी, जिथे गरवता तिथेच पाण्यात सोडा. झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजा. ठोकताळा असा: दीड वितीच्या आत गायब झालं तर कोळंबीच लावा. तीन विती किंवा त्याहून खोल दिसलं तर लूर चालेल. मधलं पाणी असेल तर लूर चालतो, पण जाड शेपटीचा, पाणी हलवणारा आणि गडद रंगाचा.

उत्तर आणि दक्षिण कोकणात इथेच मोठा फरक पडतो. मुंबई-रायगडकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, तळ गाळाचा आहे, आणि धरमतरसारखी खाडी उधाणाच्या दिवसांत चहाच्या रंगाची असते. सिंधुदुर्गात हाच फरक जेमतेम दोन-अडीच मीटर. कर्ली किंवा आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा तळ असल्यामुळे पाणी लवकर निवळतं. कर्लीच्या तोंडावरच्या देवबागचा माणूस लूरने वर्षातले बरेच महिने गरवू शकतो. धरमतरच्या काठच्या माणसाला त्यासाठी दिवस निवडावे लागतात.

दिवस निवडायला कालनिर्णयाची तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटे-सकाळीही आणि दुपारी-संध्याकाळीही. दक्षिणेकडे भरती थोडी आधी होते आणि खाडीत आत जाल तसा उशीर होतो, तेव्हा आपल्या धक्क्यावर दोन-चार दिवस घड्याळ लावून फरक टिपून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. प्रवाह जोरदार, पाणी गढूळ, लूर तळाशी टिकत नाही. ते दिवस जड शिशाचे आणि कोळंबीचे. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी निवळ पण मेलेलं, त्यामुळे मासा सुस्त. लूरसाठी सोयीच्या तिथ्या पंचमी ते सप्तमी आणि पुन्हा एकादशी-द्वादशी, कारण तेव्हा पाणी वाहतंही आणि दिसतंही. उदाहरणार्थ षष्ठी. साडेचारला भरती पूर्ण, म्हणजे झुंजुमुंजू होताना ओहोट सुटलेली असते आणि तिवरांत शिरलेलं पाणी बारीक चरांतून खाडीत उतरू लागतं. पाच ते सात या वेळात त्या चरांच्या तोंडाशी लूर फेकायचा. याहून चांगली वेळ सहसा मिळत नाही.

पावसाळ्यात नद्या लाल पाणी आणतात, तेव्हा लूर घरीच ठेवा. नारळी पौर्णिमा झाली म्हणून खाडी लगेच निवळत नाही. दसऱ्याच्या सुमारास अंदाज घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी जिताडा मंदावतो, तेव्हा दुपारच्या ओहोटीला जा. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत पुन्हा चांगले दिवस.

वेळेचा हिशेब

जिवंत कोळंबीने गरवायचं म्हणजे आधी पाग (फेकजाळं) घेऊन कोळंबी धरा, बादलीत हवेचा पंप सोडा, बादली सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने पाणी बदला. यात सहज तास-दीड तास जातो. ज्याला कामावर जायच्या आधी फक्त दीड तास मोकळा मिळतो, त्याला लूरकडे वळायला एवढं एक कारण पुरेसं आहे. ज्याच्याकडे अख्खी ओहोटी मोकळी आहे आणि ज्याला रविवारी घरी मासळी न्यायची आहे, त्याने कोळंबी सोडायची काही गरज नाही. कोळंबीला तांबोशी, गोबरा, शिंगाळा असं काही ना काही लागत राहतं. लूरवर रिकाम्या हाती परतायचे दिवस जास्त, निदान पहिला हंगाम तरी. हे पटत नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

शरीराचाही हिशेब करा. कोळंबी टाकून बसता येतं. लूरमध्ये दोन तासांत शे-दीडशे फेकी होतात. खांदा किंवा मनगट आधीच दुखरं असेल तर हलका, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरचा रॉड लागतो आणि तो स्वस्त नसतो.

हाताचा नेम

अर्धी करवंटी घ्या, खाली लहानसा दगड बांधून शांत पाण्यात काठापासून वीस मीटरवर सोडा. लूरच्या वजनाचं शिसं, साधारण १५ ते २० ग्रॅम, दोरीला बांधा. गरी (गळ) लावू नका. दहा फेकींपैकी सहा करवंटीच्या एका हाताच्या आत पडल्या पाहिजेत, तेही बाजूने वारा असताना. तीनच पडत असतील तर लूरवर पैसे घालण्याआधी पंधरवडाभर संध्याकाळी हाच सराव करा, कारण खांबांमध्ये चुकलेला प्रत्येक नेम कालवांत अडकतो आणि तीन-चारशे रुपये तिथेच राहतात. लांब फेकायची हौस आधी बाजूला ठेवा. जिताडा बहुतेक वेळा काठाच्या पंधरा-वीस मीटरच्या आतच असतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकत असतो.

जुन्या सामानावर चाचणी

तुमच्याकडे आठ-नऊ फुटांचा रॉड आणि चार-पाच हजार आकाराचं (रीलवर लिहिलेला आकडा, किंमत नव्हे) रील असेलच. त्यावरच सुरुवात करा. फक्त तंगूस काढून ब्रेडची, म्हणजे विणलेली, दोरी भरा. तंगूस ताणतं, त्यामुळे लूरचं हलणं हाताला कळत नाही आणि चावा तर नाहीच कळत. ब्रेड रबरासारखी ताणत नाही, पण स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकरीवर) गुळगुळीत घसरते. म्हणून आधी सात-आठ मीटर तंगूस भरा, त्यावर ब्रेड. पीई (ब्रेडच्या जाडीचं माप) दीड ते दोन, म्हणजे वीस ते तीस पौंडांची, दीडशे मीटर पुरते.

ब्रेडला पुढे लीडर, म्हणजे लूरआधीचा जाड दोरीचा तुकडा, हवाच. जिताड्याचे दात खरकागदासारखे असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी. चाळीस ते पन्नास पौंडांचा फ्लुरोकार्बन, साधारण वावभर. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ सर्वांत बारीक बसते आणि कड्यांतून सुळकन जाते, पण अंधारात, वाऱ्यात ती बांधणं नवख्याचं काम नाही. डबल युनी गाठीने भागतं: ब्रेडचे सात-आठ वेढे, लीडरचे चार, आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते, आणि तुटते ती नेमकी मोठ्या माशाला. बांधल्यावर लीडर लाकडाला गुंडाळून जोरात ओढून पाहा. ब्रेड हाताला कधीही गुंडाळू नका, मांस कापते.

पहिल्या चाचणीला तीन लूर बास. एक, चार-पाच इंची वल्ह्याच्या शेपटीचा रबरी मासा आणि दहा ते वीस ग्रॅमचं जिगहेड (शिशाचं डोकं असलेली गरी), गरी ५/० किंवा ६/०. दोन, नऊ ते बारा सेंटिमीटरचा तरंगणारा मिनो (कडक, लांबट नकली मासा), जो ओढला की मीटरभर खाली जातो. तीन, पॉपर (पाण्यावर डुबुक आवाज करणारा लूर), संथ पाण्यात तिन्हीसांजेला. त्यातही रबरी मासा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा. तो जिगहेडवर सरळ बसला पाहिजे. आधी जिगहेड माशाच्या अंगाला लावून गरी कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करा, मग ओवा. गरी पाठीच्या बरोबर मध्यरेषेवर बाहेर आली नाही तर लूर पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि जिताडा ढुंकूनही पाहत नाही. काठाजवळ एकदा ओढून बघा: शेपूट डावी-उजवी हलते, अंग सरळ राहतं, म्हणजे बरोबर.

मिनोला कारखान्यातून येणाऱ्या तिहेरी गऱ्या बहुधा पातळ असतात. मोठा जिताडा तोंड मिटतो आणि त्या उघडतात. जाड तारेच्या गऱ्या आणि मजबूत कड्या आधीच बदलून घ्या. मात्र गरी फार जड झाली तर तरंगणारा मिनो बुडू लागतो. बदलल्यावर बादलीत टाकून तपासा.

आता फेक. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी फेका, म्हणजे लूर पाण्याबरोबर वाहत माशाच्या समोरून येईल. प्रवाहाविरुद्ध ओढलेला लूर त्याच्या शेपटीकडून येतो, आणि खरी कोळंबी कधी तशी येत नाही. लूर पडला की मनात आकडे मोजा. दोरी ढिली पडली म्हणजे तळ लागला. मग हँडलचे दोन सावकाश फेरे, रॉडच्या टोकाला दोन बारीक झटके, आणि दोन सेकंद थांबा. चावा बहुतेक वेळा त्या थांब्यात येतो, हाताला एकच ‘टक्’ लागतो. कोळंबीच्या सवयीचा माणूस इथे दोन चुका करतो. पहिली, भरभर गुंडाळतो. दुसरी, टक् होताच रॉड वर उचकतो. सर्कल गरीवर (टोक आत वळलेल्या गरीवर) कोळंबी असेल तर झटका मुळीच द्यायचा नसतो, फक्त गुंडाळत राहायचं असतं. लूरवर आधी ढील गुंडाळून घ्या आणि मग रॉड बाजूला, पाण्याला समांतर, जोरात ओढा. वर उचकलात तर लूर त्याच्या उघड्या तोंडातून नुसता सुटून येतो.

एका आडोशाला वेगवेगळ्या कोनांतून आठ-दहा फेकी करा, मग दहा मीटर पुढे सरका. तासाभराने पाण्याची पातळी बदलली की परत त्याच जागी या. रात्री धक्क्यावर दिवा असेल तर उजेडात फेकू नका. उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या रेषेने लूर आणा, जिताडा सावलीच्या बाजूने उभा असतो.

दोरीचा गुंता हा लूर धरणाऱ्याचा रोजचा वैताग. बहुतेक वेळा कारण एकच: फेकल्यावर रीलची तार (दोरी मोकळी-बंद करणारी) हँडल फिरवून मिटवली जाते आणि ढिल्या ब्रेडचं एक वेटोळं स्पूलवर राहतं. तार हाताने मिटवा, दोरी बोटांत धरून ताण द्या, मग गुंडाळा. केंड (फुगा मासा) मागे लागला तर रबरी शेपट्या एकापाठोपाठ एक अर्धगोल कापलेल्या येतात. तेव्हा जागा बदला, केंडाशी हट्ट करून पिशवी रिकामी होते.

मासा लागला की

ड्रॅग (किती ताणाला रीलने दोरी सोडायची ते ठरवणारी पकड) आधीच, घरी, ताणकाट्यावर लावा. दोरीच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा: तीस पौंडांच्या, म्हणजे साडेतेरा किलोच्या दोरीला साडेतीन ते साडेचार किलो. ब्रेडमध्ये लवचिकपणा नसल्यामुळे ड्रॅग घट्ट असेल तर गरी सरळ होते किंवा ओठ फाटतो.

जिताडा पहिल्या दहा सेकंदांत खांबाकडे धावतो. त्या वेळी रॉड बाजूला झुकवून त्याचं तोंड वळवा, गरज पडली तर तळहाताने स्पूल दाबा. खांबाला एक वळसा पडला की कालवं लीडर कापतात. मग तो उडी मारतो आणि डोकं झटकतो, आणि जड लूर असेल तर सुटतो तो याच वेळी. रॉडचं टोक पाण्याजवळ खाली घ्या, दोरी मात्र ढिली सोडू नका. काठाशी आणल्यावर रबरी जाळीचा झेला वापरा. साध्या जाळीत तिहेरी गऱ्या अडकतात आणि फडफडणाऱ्या माशाबरोबर एक गरी तुमच्या बोटातही शिरते. लांब पक्कड हाताशी हवीच. कल्ल्यात बोट घालू नका. खालचा ओठ ग्रिपरने धरा, दुसरा हात पोटाखाली.

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून साधारण ८०-९० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक मासे अंड्यांवर येणाऱ्या माद्या. आमच्या मते तेवढा मोठा सोडून द्यावा. खायला दोन-तीन किलोचाच गोड लागतो. या बाबतीत लूर बरा पडतो: गरी बहुधा ओठात असते, कोळंबीसारखी पोटात गिळलेली नसते, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक माशानंतर लीडर दोन नखांमधून ओढून पाहा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधा.

मग बदलायचं कधी

वेगवेगळ्या तिथ्यांच्या आठ-दहा ओहोट्या जुन्या रॉडवर लूर फेकून पाहा आणि प्रत्येक वेळी झाकणाची खोली, वेळ आणि चावे वहीत लिहा. मासा किती मिळाला यापेक्षा चावे किती आले ते पाहा. चावे येताहेत पण मासा सुटतोय, तर चूक हातात आहे आणि ती सुधारते; तेव्हा लूरचा रॉड घ्यायला हरकत नाही. सात ते आठ फूट, १० ते ३० ग्रॅम फेकणारा, टोकाला चपळ, आणि तीन-चार हजार आकाराचं खाऱ्या पाण्याचं रील. दोन्ही मिळून साधारण सहा-सात हजारांत कामचलाऊ मिळतं. रॉडवर दोन-अडीच हजार पुरे, उरलेले रीलवर घाला. खारी हवा आधी रीलच खाते. निवळ पाण्यातही चावेच आले नाहीत, तर जागा लूरची नाही. तिथे कोळंबीच ठेवा आणि लूरसाठी दुसरा आडोसा शोधा.

एक सोडून दुसरं धरायलाच हवं असंही नाही. उधाण आणि पावसाळा कोळंबीला, मधल्या तिथ्या लूरला, अशी वाटणी रायगड-रत्नागिरीत बहुतेकांना सोसते. दोन्ही रॉड एकाच वेळी पाण्यात ठेवायचा मोह मात्र टाळा. लूर फेकताना कोळंबीच्या रॉडकडे लक्ष राहत नाही, आणि जिताडा रॉडसकट ओढून नेतो.

मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीजवळ गरवणार असाल तर आधी वनखात्याकडे विचारा. हे क्षेत्र १९८७ पासून संरक्षित आहे. फेकायला जागा हवी म्हणून तिवराची फांदी तोडू नका, तो गुन्हा आहे. करवतमासा किंवा महाकाय गोबरा चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता लीडर कापून सोडा, दोन्ही वन्यजीव कायद्याखाली येतात.

लूरमुळे माणूस चालतो, आणि चालता चालता गाळात उतरतो. ओहोटीला कडक दिसणारी चिखलाची कड मांडीपर्यंत खेचते, म्हणून खाजणात एकट्याने उतरू नका आणि भरती लागायच्या आत बाहेर या. पाय उचलून न टाकता घासत टाका, म्हणजे गाळात दडलेलं पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. त्याचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, कळ ओसरते. तुटलेला काटा आत असेल तर मात्र थेट दवाखान्यात.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, नळाचा जोर लावू नका, मीठ आत शिरतं. पुसून ड्रॅग पूर्ण ढिला करा. वापरलेले लूर डब्यात परत टाकण्याआधी धुऊन वाळवा. एका ओल्या तिहेरी गरीचा गंज आठवडाभरात डब्यातल्या सगळ्या गऱ्यांना लागतो.